कौलांवरचं इंग्रजी

सन दोन हजार तेवीस. दिवाळी नुकतीच झाली होती आणि मला एकाहत्तरावं चालू होतं. त्या वयात मी इंग्रजी व्याकरण शिकायला बसलो. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. मला कुणी काही सांगितलेलं चालत नाही, हे आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. बसलो तो रागानं, आणि मग उठवेना म्हणून बसून राहिलो.

माझी शाळा तिसरीपर्यंत. चौथीचं पुस्तक घरात आलं होतं, पण ते उघडायच्या आत बापानं हातात फावडं दिलं. तरी मी अडाणी नाही. पेपर रोज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. वाडीतलं डिझेलचं इंजिन एकदा बंद पडलं आणि अलिबागचा मेकॅनिक चार दिवस येतो येतो म्हणत राहिला, तेव्हा मी गोणपाट अंथरलं, एकेक भाग सुटा केला, ओळीनं मांडला आणि उलट्या ओळीनं परत बसवला. चालू झालं. इंग्रजी अक्षरं मी त्याच इंजिनाच्या पत्र्यावर शिकलो. त्यामुळे जे माणसानं जोडलंय ते मला उघडता येतं, असं माझं पक्कं मत होतं.

दिवेआगरला आमची सुपारी-नारळाची वाडी आहे. फार मोठी नाही. घराच्या एका अंगाला पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्यात. मुलगा मांडव्याच्या धक्क्यावर नोकरीला, आठवड्यातून एकदा घरी येतो. म्हणजे घरात माणसं तीन, मी, बायको आणि सून.

सून दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झालेली. मग लग्न झालं आणि तो विषय मिटला, असं मला वाटत होतं. तिच्या डोक्यात मिटला नव्हता. गावातल्या अंगणवाडीची मदतनीस दोन वर्षांनी रिटायर होणार होती. त्या जागेला बारावी लागते, आणि दहावी सुटल्याशिवाय बारावीचा फॉर्म भरता येत नाही. म्हणजे येत्या मार्चात इंग्रजी सुटलं तर सगळं वेळेत बसणार, नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाची. हे गणित तिनं आणि माझ्या मुलानं मिळून केलं, फॉर्म भरला, आणि मला भरल्यावर सांगितलं.

गावात एक रिटायर झालेल्या बाई आहेत. तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. त्या दुपारी दोन वाजता आपल्या पडवीत कुणालाही शिकवतात. दुपारी दोन म्हणजे आमच्याकडे पाहुण्यांची ताटं मांडायची वेळ.

"न्हाय जमायचं," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या पडवीत जाऊन बसायची गरज काय?"

"मग शिकवनार कोन?" बायकोनं विचारलं.

"मी."

बायको सुपारी सोलत होती. तिनं अडकित्ता खाली ठेवला आणि हसायला सुरुवात केली ती थांबेना. सून हसली नाही. ती चुलीकडं बघत होती. तिनं तेवढ्यात आत जाऊन पुस्तक आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं. "चालंल, बाबा," म्हणाली. आता मागं फिरायला मला जागा उरली नाही.

ते पुस्तक वीस सालच्या वादळात भिजून फुगलं होतं. पानं एकमेकांना चिकटलेली, सोडवताना मधेच एखादा शब्द दुसऱ्या पानावर जाऊन बसायचा. नशिबानं समजूत मराठीत दिली होती. पहिल्याच धड्यात लिहिलं होतं की इंग्रजीतले सगळे शब्द आठ प्रकारांत बसतात. सगळे. मी ते वाक्य दोनदा वाचलं. एवढी मोठी भाषा, दुनियाभर बोलतात, आणि डबे फक्त आठ. नाउन, प्रोनाउन, ॲडजेक्टिव्ह, व्हर्ब, ॲडव्हर्ब, प्रिपोझिशन, कंजंक्शन, इंटरजेक्शन. समोर मराठी नावं होती, नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, असं पुढं. खरं सांगायचं तर मला ती मराठी नावंही नवीनच होती. तिसरीत तिथवर गेलोच नव्हतो.

पण चार दिवसांत मला त्याची गोडी लागली, ती अशी लागली की पेपर वाचायचा राहू लागला. नाम म्हणजे वस्तूचं, माणसाचं नाव, हे सोपं. क्रियापद म्हणजे काम, तेही सोपं. मजा पुढं होती. मी सत्तर वर्षं बोलतोय, शिव्या देतोय, झाडांशी बोलतोय, आणि माझ्या तोंडात हे आठही प्रकार रोज फिरत होते, मला पत्ता नव्हता. मग मी लोकांचं बोलणं ऐकू लागलो. पाटी घेऊन येणारी मासळीवाली दारात उभी राहून काय म्हणते? "ताजी हाय, आताच उतरवलीय, घे." ताजी हे विशेषण, आताच हे क्रियाविशेषण, घे हे क्रियापद. मासळीचं नाव तिनं घेतलंच नाही, ते पाटीत दिसत होतं. रेवदंड्याचा एक रिक्षावाला पाहुणे घेऊन यायचा, तो नुसती उभयान्वयी बोलायचा. आणि, पण, म्हणून, मग. मधलं काय ते आपण समजून घ्यायचं.

एक गोष्ट मला फार दिवस पुरली. आपण म्हणतो विहिरीवर. विहीर आधी, वर नंतर, आणि दोन्ही चिकटून. इंग्रजी माणूस आधी 'ऑन' म्हणतो आणि विहीर मागून येते. कशावर ते माहीत नसताना हा आधीच वर चढून बसला. मी रहाटाच्या जुन्या दगडावर बसून असली वाक्यं उलटी-सुलटी करून बघायचो. असं का, याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. पुस्तकात फक्त असं असतं एवढंच होतं.

एका संध्याकाळी सर्वनामाचा धडा चालला होता. नाव न घेता त्या जागी वापरायचा शब्द, असं मी सुनेला समजावत होतो. बायको मधेच तोंड घालायला जवळ बसलेलीच. मला एकदम सुचलं. मी तिला विचारलं, "लग्नाला पन्नास वर्षं होत आली. कधी माझं नाव घेतलंस?"

"नाव कसं घेऊ?"

"मग काय म्हणतेस लोकांस्नी?"

"हे. त्यांना. ह्यांचं."

"म्हणजे पन्नास वर्षं मी तुझ्या तोंडात नुसता सर्वनाम हाय."

"आन् मी तुमच्या तोंडात काय हाय? 'ए' म्हनता मला. 'ए, पानी आन.' ह्या 'ए'ची जागा कुठली ते सांगा मास्तर."

सुनेनं पुस्तक तोंडासमोर धरलं. मी शेवटचं पान काढलं. ए, अरे, अहाहा, हे सगळे केवलप्रयोगी. आठवा प्रकार, सगळ्यात शेवटचा. ते मी बायकोला सांगितलं नसतं, पण सुनेनं सांगितलं. त्या रात्री जेवणात मला मासळीचा शेपटाकडचा तुकडा आला.

हे इथवर बरं चाललं होतं. पुढं मी जे केलं त्याला मी तेव्हा हुशारी समजत होतो.

वादळात आमची जुनी सुपारी जवळजवळ सगळी आडवी झाली. त्यानंतर मी घराच्या मागं नवीन लावली. आता ती झाडं छातीएवढी झालीत. ओळी किती, तर आठ. मी मुद्दाम आठ लावल्या नव्हत्या, जागा तेवढीच होती. पण एक दिवस पाणी देताना मी ओळी मोजल्या आणि जागच्या जागी थांबलो. पाटाचं पाणी पुढच्या आळ्यातून वाहून गेलं तरी माझं लक्ष नव्हतं. आठ प्रकार, आठ ओळी.

वादळात छपराची कौलं फुटली होती, त्यांचा ढीग विहिरीमागं पडून होता. मी चांगले हातभर तुकडे निवडले, चुना कालवला, आणि नारळाच्या सोडणाचा कुंचला करून एकेका कौलावर एकेक इंग्रजी शब्द लिहिला. पहिली ओळ नामांची. दुसरी सर्वनामांची, तिथं शब्द कमी पडले म्हणून अर्धी ओळ रिकामी राहिली. चौथी क्रियापदांची. एका झाडाच्या बुंध्याशी एक, अशी कौलं रोवली. सून रोज सकाळी झाडांना पाणी सोडते. एका आळ्यातून दुसऱ्यात पाणी वळवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक शब्द पाठ होतो. वेगळा वेळ नको, पडवी नको, बाई नकोत.

पाहुणे फोटो काढू लागले. पुण्याच्या एका पाहुणीनं तर माझाही काढला, कुंचल्यासकट. तिचा नवरा ओळींतून फिरत पहिल्या ओळीत थांबला. तिथं 'वॉटर' लिहिलं होतं.

"काका, हा शब्द त्या ओळीतही चालेल," तो चौथीकडं बोट दाखवून म्हणाला. "कामाच्या अर्थानंही वापरतात."

"असंल," मी म्हटलं. "माझ्या वाडीत झाड एकदा लावलं की दुसऱ्या ओळीत जात न्हाय."

तो हसला आणि गेला. मीही हसलो. सून पाट वळवत उभी होती. तिनं हे ऐकलं, हे मला नंतर आठवलं.

रोज संध्याकाळी मी तिची वही तपासायचो. तिनं कौलाप्रमाणे लिहिलं असेल तर बरोबर. तसं नसेल तर मी एवढंच विचारायचो, "कौल काय सांगतंय?" ती एकदा म्हणाली, "बाबा, वाक्यात तो शब्द वेगळं काम करतोय असं वाटतंय." मी पुन्हा तेच विचारलं. तिनं खोडरबर घेतलं. त्यानंतर तिनं असं काही म्हटलं नाही, आणि मला वाटलं आता तिला समजलं.

संक्रांतीच्या आधी बाईंनी निरोप पाठवला की सरावाचा पेपर ठेवलाय, बाहेरूनही कुणी बसायला हरकत नाही. मी सुनेला स्वतःहून जा म्हटलं. त्या दिवशी पाहुण्यांचं जेवण बायकोनं एकटीनं केलं. मला पेपरची काळजी नव्हती. माझं शिकवणं बाईंना दिसावं, एवढंच मनात होतं.

पेपर तपासून आला. शब्दांच्या प्रकारांचे वीस मार्क होते. सुनेला सात.

तिनं तो माझ्या हातात दिला आणि ओलं खोबरं खवायला बसली. मी पेपर घेऊन तसाच बाईंकडं गेलो. पायात चप्पलही घातली नाही.

बाई पडवीत झोपाळ्यावर बसल्या होत्या. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान असतील. मी पेपर त्यांच्या पुढ्यात टाकला.

"भाऊ, बसा."

"बसायला न्हाय आलो. माझ्याकडं शिकली म्हनून कापलेत का मार्क?"

बाई रागावल्या नाहीत. चष्मा लावून त्यांनी एक वाक्य मला वाचून दाखवलं. ती झाडांना पाणी घालते, असा त्या इंग्रजी वाक्याचा अर्थ होता, आणि त्यात 'वॉटर'खाली रेघ मारली होती. "इथं तो शब्द काय करतोय?"

"पानी हाय ते. नाव हाय."

"घालते हा शब्द वाक्यात कुठं आहे, दाखवा."

मी शोधला. नव्हता. घालण्याचं सगळं काम तो एकटा 'वॉटर' करत होता.

"तुमच्या पाटावर साकव आहे ना, नारळाचा?" बाई म्हणाल्या. "वादळापूर्वी तो काय होता?"

"झाड."

"आता नारळ देतो का?"

मी रोज त्या ओंडक्यावर पाय देऊन पलीकडं जात होतो.

"बरं, हे चुकलं," मी म्हटलं. "मी चुकीचं शिकवलं. पोरीला येत नव्हतं ते माझ्यामुळं."

"तिला येत होतं," बाई म्हणाल्या. "कागद उन्हात धरा."

मी पडवीच्या कडेला गेलो आणि पेपर उन्हाकडं धरला. सुनेनं आधी पेन्सिलीनं उत्तरं लिहिली होती. मग ती खोडून वरून पेननं लिहिलं होतं. ती दाबून लिहिते, त्यामुळे खोडलं तरी पेन्सिलीचे वळ कागदात राहिले होते. 'वॉटर'समोर पेननं नाउन होतं आणि खाली वळ होता व्हर्बचा. पुढच्या वाक्यात तसंच. मी एकेक बघत गेलो. चुकलेल्या तेरापैकी दहा ठिकाणी खाली बरोबर उत्तर होतं. तिनं ते लिहिलं, मग पुसलं, आणि माझं कौल लिहिलं.

"का?" मी विचारलं.

"ते मी कसं सांगणार, भाऊ? ती तुमच्या घरात राहते."

घरी आलो तेव्हा तिचं खोबरं खवून झालं होतं. बायको तिच्याशेजारी तांदूळ निवडत होती. मी पेपर दोघींच्या मध्ये ठेवला.

"आधी बरोबर लिहिलं व्हतंस," मी म्हटलं.

तिनं खवलेल्या खोबऱ्यावर ताट झाकलं.

"मग खोडलंस कशाला?"

"तुमी संध्याकाळी बघनार व्हतात," ती म्हणाली. "कौलावर न्हाय ते कसं लिहू?"

"तिथं मी बसलो व्हतो का?"

"तसं न्हाय, बाबा." तिनं खवणीवरचं खोबरं बोटानं काढलं. "तुमी चुना कालवून, उन्हात बसून ते लिहिलंत. तुमच्यासमोर तुमचं खोटं कसं पाडायचं?"

"आन् मार्चात? तिथं काय लिहिनार व्हतीस?"

तिनं लगेच उत्तर दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिनं कागदाची घडी घातली, परत उघडली. मग म्हणाली, "तेच माझं ठरत नव्हतं."

मी आजवर तिच्यावर कधी हात उचलला नाही, कधी वाईट शब्द बोललो नाही. लोकांत मी सांगायचो की सून आमच्या घरात मोकळी आहे. आणि ही पोर परीक्षेच्या बाकावर बसून ठरवणार होती की पास व्हायचं की सासऱ्याचा मान ठेवायचा.

बायकोनं तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. "तिला पास व्हायचं हाय," ती म्हणाली, "आन् तुमाला खरं ठरायचं हाय. एका पेपरात दोन्ही कसं बसंल?"

मी वाडीत गेलो, ओळींतून दोनदा फिरलो. चुकलो हे मला पडवीतच कळलं होतं, त्याचा एवढा सल नव्हता. इंजिनाचं वायसरही मी पहिल्यांदा उलटं बसवलं होतं. पण इंजिन मला घाबरून चालू झाल्याचं नाटक करत नाही. उलटं बसलं की धूर सोडतं. माणसाला आपण धूरसुद्धा सोडू देत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. सूनबाईला तोंडानं चुकलो म्हणावं असं मनात आलं, पण आमच्या जिभेला ते वळण नाही. दिवेलागणीपर्यंत मी वाक्य जुळवत होतो, जुळलं नाही.

मार्चात ती सुटली. बावन्न मार्क पडले. त्याआधी दीड महिना ती रोज दुपारी दोनला बाईंच्या पडवीत बसली, आणि पाहुण्यांची ताटं मी वाढली. भात मला सारखा वाढता येत नाही, यावरून बायकोनं जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. पण पेपर पाहिला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मला सांगायची आहे.

मी तिच्या आधी उठलो. पंप चालू केला, फावडं घेतलं आणि पाटाशी उभा राहिलो. सून पदर खोचत आली आणि माझ्या हातात फावडं बघून थबकली.

"पुस्तक आन," मी म्हटलं. "आज पानी मी देतो. तू तिकडं बस आन् मला सांग. क्रियाविशेषणाचं मला नीट कळलेलं न्हाय."

ती विहिरीच्या कठड्यावर बसली. सुरुवातीला पुस्तकात बघूनच बोलत होती, आवाज इतका बारीक की पंपात ऐकू येईना. मी म्हटलं जोरात सांग. मग ती सांगू लागली. काम कसं झालं, कुठं झालं, कधी झालं, हे सांगणारा शब्द. मी दोन आळी भरली. तिसऱ्या आळ्याशी मी एक शब्द बोललो आणि तो कुठल्या प्रकारचा तेही छातीठोक सांगून टाकलं.

तिनं पुस्तक मिटलं. माझ्याकडं बघितलं.

"न्हाय, बाबा," ती म्हणाली. "चुकलं."

मी फावड्यानं माती ओढून आळ्याचं तोंड बंद केलं, पाणी पुढच्या झाडाकडं वळवलं, आणि तिला म्हटलं, "परत सांग."